बोटांना जे कळतं

माझी प्रोस्टेट ग्रंथी ज्या रोबोटने काढली, त्याला स्पर्श कळत नाही. चिमट्यात धरलेलं मऊ आहे की टणक, टाका घालताना दोरा किती ताणला गेलाय, यातलं काहीच त्याच्या हातांतून सर्जनच्या बोटांपर्यंत परत येत नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनीच मला हे सांगितलं. कॅन्सरचं निदान मी बऱ्यापैकी शांतपणे ऐकून घेतलं होतं, पण हे ऐकल्यावर मात्र रात्री झोप लागली नाही.

त्याला कारण आहे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. डाय, जिग, फिक्श्चर, म्हणजे भाग घडवायचे साचे आणि काम घट्ट धरायच्या चौकटी, हे आमचं काम. डायचे दोन भाग एकमेकांवर बसवताना ब्लू म्हणजे निळा रंग लावायचा, उंचवटा कुठे राहिलाय ते बघायचं, तेवढाच घासायचा आणि पुन्हा बसवून पाहायचं. ग्राइंडिंग झालेल्या पृष्ठभागावरून बोट फिरवलं की मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाची पायरीसुद्धा लागते. डायल गेज नंतर लावायचा, खात्रीसाठी. ड्रिल आता पलीकडे निघणार हे हँडलवरच्या हाताला आधी कळतं आणि हात आपोआप हलका होतो. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं आमचे फोरमन म्हणायचे. अशा माणसाला कोणी सांगितलं की तुझ्या पोटात जाणाऱ्या हत्यारांना काही जाणवणार नाही, तर त्याला झोप कशी यावी?

रोग सापडला त्यातही बोटाचा वाटा होता. निवृत्तीनंतर मी नेमाने रक्त तपासून घेतो. त्यात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, वाढलेला निघाला. लघवीचा काहीही त्रास नव्हता. युरॉलॉजिस्टनी कुशीवर झोपवलं, हातमोजा घातला आणि गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपली. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढ्यात असते, त्यामुळे ती बोटाच्या टोकाला लागते. "उजवीकडे थोडं टणक लागतंय," एवढंच ते म्हणाले. ही तपासणी पुरुष लाजेपायी टाळतात हे मला माहीत आहे. मिनिटभराचं काम आहे आणि त्यात अपमान वाटावा असं काही नाही. आपल्याकडे कितीतरी जण डॉक्टरकडे पोहोचतात तेव्हा कंबर दुखत असते, कारण आजार हाडांत उतरलेला असतो. माणसं जास्त जगू लागली तसा हा कॅन्सरही वाढतोय. २०२० मध्ये जगात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण सापडत होते, ते २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा २०२४ मधला अंदाज आहे.

मग एमआरआय झाला, बायोप्सी झाली आणि रिपोर्टवर ४+३ असा आकडा आला. हा ग्लीसन स्कोअर. मिनियापोलिसचे पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती विस्कटली आहे ते पाहून सगळ्यात जास्त दिसणाऱ्या नमुन्याला एक आकडा आणि त्याखालोखाल दिसणाऱ्याला दुसरा. ३+४ ची बेरीज सात आणि ४+३ ची पण सातच, पण दोन्हींत फरक आहे. पहिला आकडा ४ असला तर विस्कटलेल्या पेशी जास्त, म्हणजे आजार जास्त आक्रमक.

हा आकडा ३+३ असता तर मी ऑपरेशन करून घेतलंच नसतं, आणि हे मी मुद्दाम लिहितोय. कॅन्सर शब्द ऐकला की घरचे सगळे म्हणतात, आधी काढून टाका. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांचे तीन गट करून एक मोठा अभ्यास झाला. एका गटाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याला रेडिएशन दिलं आणि तिसऱ्याला नुसतं देखरेखीखाली ठेवलं. सुमारे पंधरा वर्षांनी पाहिलं तर प्रोस्टेट कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होतं. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही खरं. पण सौम्य आजार असलेल्या माणसाला थांबून, नियमित तपासण्या करत जगता येतं, हे डॉक्टरांइतकंच बायकामुलांनाही माहीत असायला हवं. माझा आजार त्या पायरीच्या पुढे गेला होता. रेडिएशन आणि ऑपरेशन असे दोन्ही रस्ते माझ्यापुढे ठेवले गेले. दोन्ही डॉक्टरांशी बोलून मी ऑपरेशन निवडलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. यंत्राबद्दल वाचायला बसलो आणि पोहोचलो ते नसांपर्यंत.

प्रोस्टेट आक्रोडाएवढी असते. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते, त्यामुळे ग्रंथी काढली की नळी तुटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे मूत्राशयाचं तोंड खालच्या टोकाला शिवावं लागतं. खाली लगेच लघवी रोखणारा स्नायू. वर पुढच्या बाजूला शिरांचं दाट जाळं. आणि दोन्ही बाजूंना, ग्रंथीला बिलगून, शिश्नाला ताठरता देणाऱ्या नसांच्या जुड्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९०४ मध्ये कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली होती. त्यानंतर पाऊणशे वर्षं ही शस्त्रक्रिया म्हणजे रक्ताच्या डबक्यात केलेलं काम होतं. आणि ज्याची ती व्हायची त्याचं लैंगिक आयुष्य जवळपास नक्की संपायचं. अनेकांना कायमची लघवी गळायची. नसा ग्रंथीच्या आतूनच जातात, तेव्हा त्या तुटणारच, अशी डॉक्टरांची समजूत होती.

ही समजूत नेदरलँड्समधल्या लायडेन शहरात मोडली. जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श १९८१ मध्ये एका परिषदेसाठी तिथे गेले होते. त्याआधी त्यांनी शिरांच्या त्या जाळ्यातला रक्तस्राव आवरण्याची पद्धत बसवली होती, त्यामुळे आत काय आहे ते निदान दिसू लागलं होतं. लायडेनमध्ये पीटर डोंकर नावाचे युरॉलॉजीचे निवृत्त प्राध्यापक मूत्राशयाच्या नसांचा माग काढत होते. प्रौढ माणसात या नसा इतक्या बारीक आणि चरबीत इतक्या लपलेल्या असतात की त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून डोंकर मृत जन्मलेल्या बाळाचं विच्छेदन करत होते. वॉल्शनी विचारलं, शिश्नाकडे जाणाऱ्या नसा कुठून जातात? डोंकरनी त्या कधी शोधल्या नव्हत्या. दोघांनी मिळून शोधायला घेतल्या आणि काही तासांत त्या सापडल्या. त्या ग्रंथीच्या आत नव्हत्याच, बाहेरून जात होत्या. म्हणजे त्यांना वाचवता येणार होतं. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, वॉल्शनी ५२ वर्षांच्या एका माणसावर नसा वाचवून शस्त्रक्रिया केली.

मी हे वाचलं आणि बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. जगात श्वासही न घेतलेलं एक बाळ, त्याच्यावर वाकलेला एक म्हातारा प्राध्यापक, आणि त्यांच्यामुळे चाळीस वर्षांनी पुण्यातल्या एका माणसाला मिळणारी संधी. त्या बाळाचं माझ्यावर ऋण आहे असं मला मनापासून वाटतं. रोबोटची जाहिरात रस्त्यावरच्या फलकांवर दिसते, पण खरा शोध हा होता आणि तो लागला तेव्हा ऑपरेशनचा रोबोट जन्मालाही आलेला नव्हता.

रोबोट आला तो युद्धभूमीच्या कल्पनेतून. जखमी सैनिक आघाडीवर, सर्जन दूर सुरक्षित जागी, असं काहीतरी अमेरिकेला हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या त्या संशोधनातून इंट्युइटिव्ह सर्जिकल ही कंपनी १९९५ मध्ये उभी राहिली आणि तिच्या दा विंची यंत्राला २००० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. प्रोस्टेटचं पहिलं ऑपरेशन त्याच वर्षी जर्मनीत फ्रँकफर्टला झालं. पण ही शस्त्रक्रिया रोजच्या कामासारखी बसवली ती डेट्रॉइटमध्ये मणि मेनन यांनी. पुदुच्चेरीच्या जिपमरमधून डॉक्टर झालेले आणि पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये युरॉलॉजी शिकलेले मेनन उघड्या, म्हणजे पोटाला मोठा छेद देऊन करायच्या, शस्त्रक्रियेत नावाजलेले होते. पॅरिसच्या दोन सर्जननी तेव्हा दुर्बिणीने प्रोस्टेट काढून दाखवली होती, पण सरळ दांड्यांच्या हत्यारांनी त्या अरुंद जागेत टाके घालणं फार थोड्यांना जमत होतं. मेनन यांनी त्या दोघांना डेट्रॉइटला बोलावलं, त्यांचं काम शिकून घेतलं आणि ते रोबोटवर आणलं. नसांवर पसरलेल्या एका पातळ पडद्याला त्यांनी ग्रीक प्रेमदेवतेचं नाव दिलं, ऍफ्रोडाइटचा पडदा. सर्जन लोकही अशी नावं ठेवतात हे वाचून मला बरं वाटलं.

माझ्या डॉक्टरांनी मला वेळ दिला. टूलरूमचा माणूस आहे म्हटल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून मुदत संपलेलं एक उपकरण काढून माझ्या हातात ठेवलं. आठ मिलिमीटर जाडीचा लांब दांडा आणि टोकाला बोटाच्या पेरापेक्षा छोटं मनगट. आत बारीक कप्प्या आणि त्यांवरून गेलेल्या तारा. हे मनगट वर-खाली वळतं, डावी-उजवीकडे वळतं, चिमटा उघडतो-मिटतो. माणसाचं मनगट जिथे अडतं तिथेही ते अडत नाही. प्रत्येक उपकरणात त्याच्या वापराची मोजणी असते आणि ठरलेला आकडा झाला की यंत्र ते स्वीकारत नाही. मी ते बराच वेळ फिरवत बसलो. ज्यांनी हे घडवलं त्यांचे हात मला बघायला आवडले असते.

मग त्यांनी सांगितलं की यात रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलला, म्हणजे यंत्र चालवायच्या मेजाला, डोकं लावून बसतो, दोन्ही हातांची बोटं कड्यांत असतात, पाय पेडलवर. त्याचा हात तीन सेंटिमीटर हलला तर टोक एक सेंटिमीटर हलेल असं प्रमाण ठेवता येतं. हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकतं. समोर दहापट मोठं, खोली असलेलं चित्र. पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने शिरांमधून पाझरणारं रक्तही कमी होतं, त्यामुळे ती जागा स्वच्छ दिसते.

"आणि हाताला काही लागत नाही," मी म्हणालो.

"नाही लागत. डोळ्यांनी लागतं."

मला वाटलं ते समजूत घालतायत. त्यांनी लॅपटॉपवर एका ऑपरेशनची चित्रफीत लावली आणि काही ठिकाणी थांबवून दाखवली. चिमट्याने ऊतक ओढलं की आधी ते चमकतं, मग पांढुरकं पडतं. पांढुरकं पडलं म्हणजे थांबायचं, पुढे ते फाटणार. दोरा ताणला की टाक्याच्या कडेची घडी बदलते. निरोगी थर एकमेकांपासून कोळिष्टकासारख्या तंतूंनी सुटतात. जिथे ते सुटायला नकार देतात, तिथे कॅन्सर चिकटलेला असण्याची शक्यता. नसांच्या जुडीजवळ आले की ते ऊतक जाळून कापणारा करंट बंद ठेवतात, कारण उष्णतेने नस मरते, आणि साध्या कात्रीने, क्लिपा लावत पुढे जातात. सुरुवातीच्या दिवसांत आपल्याकडून दोरे तुटायचे, हे त्यांनी न विचारता सांगितलं. आता तुटत नाहीत. आता दोरा किती ताणलाय हे बोटांतच जाणवल्यासारखं वाटतं, म्हणाले, तिथे काही पोहोचत नसूनही. २०२४ मध्ये आलेल्या दा विंचीच्या नव्या पिढीत ओढ-दाब काही प्रमाणात हाताला जाणवण्याची सोय झाली आहे. माझं ऑपरेशन जुन्या यंत्रावर झालं.

त्या चित्रफितीने मला पटवलं. आमच्या फोरमनचं म्हणणं आमच्या कामापुरतं खरं होतं. इथे वर्षानुवर्षांच्या सवयीने डोळ्यालाच स्पर्श फुटलेला होता. म्हणून मी यंत्राबद्दल विचारायचं थांबवलं आणि माणसाबद्दल विचारलं. आतापर्यंत अशी किती ऑपरेशनं केलीत? तुमच्या रुग्णांपैकी वर्षभराने पॅडशिवाय राहणारे किती? माझ्या बाबतीत नसा वाचवणार का? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. डावीकडच्या वाचवीन, उजवीकडे गाठ कडेला आलीय, तिथे नस वाचवायला गेलो तर कॅन्सर मागे राहील, म्हणून त्या बाजूची जुडी अर्धी तरी द्यावी लागेल. मला ते उत्तर आवडलं.

यंत्र बघून सर्जन निवडणाऱ्यांसाठी ब्रिस्बेनचा एक अभ्यास सांगतो. तिथे ३२६ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांची उघडी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांची रोबोटने. उघडी करणाऱ्या सर्जनचा अनुभव दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं, रुग्ण लवकर घरी गेले. पण तीन महिन्यांनी आणि दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि ताठरता विचारली, तर दोन्ही गट सारखेच. ज्याला रोबोटचा खर्च परवडत नाही त्याने चांगल्या हातांची उघडी शस्त्रक्रिया करून घेतली तर त्यात कमीपणा नाही. आमच्या बिलात रोबोटची रक्कम वेगळी दाखवलेली होती आणि ती लहान नव्हती. रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश विमा पॉलिसीत असावा असं नियामकाने २०१९ मध्ये सांगितलं आहे, पण कंपन्यांना त्यावर मर्यादा घालायची मुभा आहे. पॉलिसीतलं ते कलम दाखल व्हायच्या आधी वाचावं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये रोबोट आहेत. गुरुग्रामला डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीने मंत्र नावाचा देशी रोबोट बनवलाय. किंमत खाली यायची तर ती अशाच कामांनी येईल.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी भुलीत होतो. डोकं खाली, पाय वर अशा उताराच्या टेबलावर झोपवतात, त्यामुळे जाग आली तेव्हा चेहरा सुजला होता. दुसऱ्या दिवशी चाललो. आठवडाभराने कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली रबरी नळी, काढला, आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

उभं राहिलं की लघवी गळायची. खोकला, शिंक, पाण्याची बादली उचलणं, काहीही पुरायचं. सकाळी बरं असायचं आणि संध्याकाळी, स्नायू थकला की, जास्त. फिजिओथेरपिस्टनी ऑपरेशनच्या आधीच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले होते. लघवी मध्येच थांबवताना जे आवळतो ते. उठायच्या आधी आवळायचं, मग उठायचं, ही सवय लागायला वेळ गेला पण तिनेच मला तारलं. पॅड लागायचे. घराबाहेर एक अडचण होती जी बायकांना ऐकून माहीत असेल, पुरुषांच्या ध्यानीमनीही नसते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबा नसतो. वापरलेला पॅड पिशवीत गुंडाळून, पिशवी खिशात घालून मी बसने घरी आलोय. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेने पुरुषांच्या स्वच्छतागृहांत डबे ठेवावेत म्हणून मोहीम चालवली. आपल्या स्टँडवर, मॉलमध्ये, नाट्यगृहात एकेक झाकणाचा डबा ठेवायला किती खर्च येईल?

दुसरी गोष्ट ताठरतेची. नस वाचवली तरी ती ओढली-हाताळली गेलेली असते, आणि जागी व्हायला तिला महिने लागतात, कधी दोन वर्षंही. वीर्य मात्र आता कधीच येत नाही, कारण ते बनवणारं सगळं ग्रंथीबरोबर निघून जातं. सुखाची जाणीव राहते. हे मला आधी सांगितलेलं होतं, तरी सांगणं आणि भोगणं वेगळं. मी बायकोपासून लांब राहू लागलो. एके दिवशी कपड्यांना इस्त्री करता करता ती म्हणाली, "मी काही मागितलंय का तुमच्याकडे? पूर्वी टीव्ही बघताना पाय माझ्या मांडीवर टाकायचात. तेही बंद केलंत."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. तिचं बरोबर होतं. एक गोष्ट होईना म्हणून मी सगळाच स्पर्श घरातून काढून टाकला होता. खांद्यावर हात, पाठीला तेल लावणं, रात्री झोपेत पायाला पाय लागणं. त्यातल्या कशालाही त्या नसांची गरज नव्हती. पुढच्या भेटीला ती माझ्याबरोबर आत आली आणि मी तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत होतो ते तिने डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. गोळ्या, व्हॅक्युमचं उपकरण, इंजेक्शन, सगळं त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं. काही उपयोगी पडलं, काही नाही. आज आमचं बरं चाललंय. पूर्वीसारखं नाही, पण बरं. पीएसए मोजता येणार नाही इतका खाली आहे.

परवा टूलरूममधल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याचाही रिपोर्ट ४+३. पहिला प्रश्न, "रोबोट कुठल्या हॉस्पिटलचा चांगला?" मी त्याला गुदद्वाराच्या तपासणीत काय लागलं ते विचारलं, गाठ कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. व्यायाम आजपासून सुरू कर म्हटलं, ऑपरेशन नंतर ठरलं तरी चालेल. पॅड कुठले घ्यायचे ते सांगितलं. तो गप्प झाला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, बाकीचं सगळं जातं का रे? मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, महिन्यांसकट, गोळ्यांसकट, इस्त्रीच्या दिवसासकट. पुढच्या आठवड्यात त्याची सर्जनशी भेट आहे. वहिनींना बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घेऊन जा, असं मी त्याला दोनदा सांगितलंय.